पक्षाघातानंतर पुन्हा चालणे : उपस्थाता म्हणून पती-पत्नीचे स्थान

प्रस्तावना

पक्षाघाताच्या चिकित्सेवर आपल्या शास्त्रात विपुल लेखन झालेले आहे. स्नेहन, स्वेदन, विरेचन, बस्ती, नस्य, शिरोबस्ती यांची चर्चा चर्चासत्रांतून व नियतकालिकांतून सातत्याने होत असते. परंतु रुग्णाच्या शय्येजवळ रात्रंदिवस बसणाऱ्या व्यक्तीविषयी, म्हणजे त्याच्या पत्नीविषयी वा पतीविषयी, वैद्याने काय करावे याचा विचार क्वचितच होताना दिसतो.

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत, मग ते जिंतूर-सेलू असो वा गंगाखेड-पालम, वैद्यांच्या अनुभवास येणारे चित्र साधारण एकसारखे आहे. रुग्ण प्रथम परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील रुग्णालयात दाखल होतो. आठ-दहा दिवसांत जिवावरचे संकट टळते. 'आता घरी न्या आणि व्यायाम करून घ्या' असे सांगून त्यास सोडले जाते. त्यानंतर तो आपल्याकडे येतो. नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो, 'डॉक्टरसाहेब, हे पुन्हा चालतील ना?' विचारणारी बहुधा रुग्णाची पत्नी असते. तिला तेल, काढा व वटी देणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु तेवढ्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही, हे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा परिचय आम्हांस केवळ ग्रंथांतून वा रुग्णांकडून झालेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनी अवरुद्ध होऊन शरीराच्या डाव्या अर्ध्या भागाचा पक्षाघात झाला. तीव्र अवस्था ओसरल्यावर एका मोठ्या शहरातील पुनर्वसन केंद्रात त्या बेचाळीस दिवस आंतररुग्ण होत्या आणि तेवढे दिवस आम्ही उपस्थाता होतो. आज त्या काठी घेऊन घरात व अंगणात स्वतंत्रपणे चालतात. त्या काळात जे शिकावयास मिळाले आणि पुढे रुग्णांच्या बाबतीत ज्याचा उपयोग झाला, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. सौभाग्यवतींनी या लेखनास संमती दिली आहे.

शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, याप्रमाणे सोळा गुणांनी युक्त असे चतुष्पाद सिद्धीस कारण होते. उपस्थात्याचे चार गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. सुश्रुताचार्य सूत्रस्थानात परिचारकाचे वर्णन करताना तो स्निग्ध, बलवान, रुग्णरक्षणात तत्पर, वैद्याचे सांगणे ऐकणारा, घृणा न बाळगणारा आणि न थकणारा असावा असे म्हणतात.

या गुणांची आजच्या कुटुंबाशी तुलना करून पाहावी. पती वा पत्नीच्या ठिकाणी अनुराग बहुधा असतोच. तो वैद्यास शिकवावा लागत नाही. उपचारज्ञता आणि दाक्ष्य मात्र विवाहाबरोबर येत नाहीत. ती शिकावी लागतात आणि कोणीतरी शिकवावी लागतात. उपचारज्ञतेविना असलेला अनुराग पक्षाघातात अपाय करू शकतो. पूर्णा तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने चार महिने पतीची अहोरात्र सेवा केली. उठवताना ती त्यास दुबळ्या हाताने ओढून उभे करीत असे. घास भरवणे, कपडे चढवणे, कूस बदलणे हे सर्व तीच करी. गावात तिच्या सेवेचे कौतुक होते. आमच्याकडे आणले तेव्हा त्याचा खांदा सांध्यातून खाली उतरलेला होता, हात लावू देत नव्हता आणि मांडीचे स्नायू पुष्कळ कृश झालेले होते. त्या माउलीच्या प्रेमात काहीच उणे नव्हते. तिला कोणी काही शिकवलेच नव्हते.

पक्षाघाताविषयी सुश्रुत चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायातील विवेचन येथे विशेष मननीय आहे. ज्याचे गात्र म्लान झालेले नाही, ज्यास वेदना जाणवते, जो आत्मवान आहे आणि ज्याच्याजवळ उपकरणे म्हणजे साधने आहेत, अशा रुग्णाची चिकित्सा हाती घ्यावी असे तेथे सांगितले आहे. पुढे उपचारक्रम देऊन तो आळस न करता तीन किंवा चार महिने चालवावा असा निर्देश आहे. आजच्या मज्जाविज्ञानानुसारही मेंदूच्या आघातानंतर हालचालींची बहुतांश सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतरही ती होते, परंतु मंदगतीने. गात्र म्लान होऊ न देणे, रुग्णाचे मन खचू न देणे आणि हे तीन-चार महिने वाया जाऊ न देणे या तिन्ही गोष्टी मुख्यतः उपस्थात्याच्या हाती असतात.

एका पादावर भार नको

येथे दुसऱ्या टोकाच्या समजाविषयीही बोलले पाहिजे. 'घरच्या माणसांना व्यायाम शिकवला की झाले, आंतररुग्ण पुनर्वसनाचा खर्च कशाला?' असा विचार अनेकदा ऐकू येतो. याच प्रश्नाचा शोध घेणारा 'अटेंड' नावाचा मोठा अभ्यास भारतातच झाला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण त्यात होते. निम्म्यांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे शिक्षण देऊन घरी ते करवून घेण्यास सांगितले; उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच आढळले.

या निष्कर्षावरून कुटुंबाची सेवा व्यर्थ आहे असे मानणे चुकीचे ठरेल. आमच्या मते त्याचा अर्थ चरकाचार्यांच्या मांडणीत सापडतो. चतुष्पादातील एका पादावर उरलेल्या तिघांचा भार टाकला तर सिद्धी मिळत नाही. पत्नीने फिजिओथेरपिस्टचे, परिचारिकेचे आणि वैद्याचे काम एकटीने करावे ही अपेक्षा शास्त्रासही मान्य नाही. म्हणून शक्य असेल तेथे रुग्णास काही आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवावे आणि त्या काळात जोडीदाराने शिकून घ्यावे, हा मार्ग आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

मुंबईत हाजी अली येथे केंद्र शासनाची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. आपल्या भागातून मुंबईस जाणारी थेट रेल्वे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न मोठ्या रुग्णालयांतही भौतिकोपचार विभाग असतात. जवळची सोय कोणती, तेथे नातेवाइकास राहता येते का, खर्च किती, कोणती शासकीय योजना लागू पडते, ही माहिती वैद्याने आपल्या चिकित्सालयात लिहून ठेवावी. रुग्ण समोर आल्यावर शोध घेऊ लागल्यास मौल्यवान आठवडे निघून जातात.

महागडी यंत्रे असतील तरच चालणे परत येते, असाही एक समज आहे. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीर दोरांनी तोलून फिरत्या पट्ट्यावर चालवणे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन क्रमाक्रमाने वाढवत नेलेला बल व तोल यांचा व्यायाम यांची तुलना केली गेली. वर्षअखेर दोन्हींचे फल सारखेच होते आणि एकूण ५२ टक्के रुग्णांच्या चालण्यात उपयुक्त सुधारणा झालेली होती. केंद्र निवडताना यंत्रांची संख्या पाहण्यापेक्षा प्रशिक्षित माणसे रोज किती वेळ देतात, हे पाहावे.

आंतररुग्ण पुनर्वसनात काय घडते

नातेवाइकांची कल्पना अशी असते की तेथे दिवसातून एकदा कोणी येऊन हातपाय हलवून जाईल. वस्तुतः चांगल्या केंद्रात पुनर्वसन तज्ज्ञ डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा व गिळणे पाहणारे तज्ज्ञ, परिचारिका आणि पायाची पट्टी वा बूट तयार करणारे कारागीर असे सर्व मिळून काम करतात. दर आठवड्यास एकत्र बसून पुढील ध्येय ठरवले जाते. हे ध्येय 'रुग्ण बरा करणे' असे मोघम नसते. 'पलंगाच्या कडेवर आधाराविना पाच मिनिटे बसणे' किंवा 'खुर्चीतून उठून शौचालयापर्यंत जाणे' असे ते मोजता येण्याजोगे असते.

चालण्याचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो : पलंगावर कूस वळणे, कडेवर बसणे, बसून तोल सांभाळणे, बसल्या जागेवरून उठणे, दुबळ्या पायावर भार घेणे, समांतर दांड्यांमध्ये पावले टाकणे, वॉकर अथवा काठीने चालणे, पायऱ्या, आणि शेवटी उंच-सखल जमीन. नातेवाइकांचे लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून पावलाकडे असते. सौभाग्यवतींचे पहिले नऊ दिवस केवळ बसणे व उठणे यांतच गेले. भेटीस येणारे आप्त 'अजून चालवत का नाहीत?' असे विचारीत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांना दिलेले उत्तर आम्ही आजही रुग्णांना सांगतो : 'ज्याला बसता येत नाही त्याला चालवले तर तो चालत नाही, आपण त्याला ओढत नेतो.'

पहिल्याच दिवसापासून फार व्यायाम करणेही हितकर नाही. २,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पहिल्या चोवीस तासांतच अधिक प्रमाणात उठवून हालचाल करवलेल्या रुग्णांचे तीन महिन्यांनंतरचे फल नेहमीच्या सेवेपेक्षा काहीसे उणे आढळले. थोडे थोडे परंतु पुनःपुन्हा, हे तत्त्व ध्यानी ठेवावे. बलार्धापर्यंतच व्यायाम करावा हा आपला नियम येथेही मार्गदर्शक ठरतो.

जोडीदाराने शिकावयाच्या गोष्टी

केंद्रातून घरी जाण्यापूर्वी पुढील गोष्टी जोडीदाराने तज्ज्ञांसमोर स्वतः करून दाखवाव्यात, असा आग्रह वैद्याने धरावा. नुसते पाहणे पुरेसे नाही.

१) उभे राहण्याची जागा : चालताना जोडीदाराने रुग्णाच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे राहावे. धरावयाचे ते कमरेच्या पट्ट्यास. काखेत हात घालून अथवा दुबळा हात ओढून कदापि उचलू नये. काठी चांगल्या हातात असावी.

२) हात काढून घेणे : हे सर्वांत अवघड आहे. सौभाग्यवती तिसऱ्या आठवड्यात दांड्यांमध्ये चालत असताना आम्हांस म्हणाल्या, 'अहो, तुम्ही धरलं की माझा पाय आळस करतो. जवळ उभे राहा, पण धरू नका.' पुनर्वसनाचे मर्म या वाक्यात आहे. मेंदूतील नवे मार्ग रुग्णाने स्वतः केलेल्या प्रयत्नाच्या पुनरावृत्तीने तयार होतात. दुसऱ्याने केलेल्या हालचालीने तितके होत नाहीत. आधार पडू न देण्यापुरता असावा. रुग्ण सदरा घालण्यास वीस मिनिटे घेत असेल, तर ती वीस मिनिटे शांतपणे बसून राहणे हीच तेव्हाची सेवा होय.

३) पायऱ्या व कपडे : पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. कपडे घालताना दुबळा हात-पाय आधी, काढताना शेवटी.

४) गिळणे : रुग्णास सरळ बसवूनच, लहान घासाने, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना ठसका लागणे वा नंतर आवाज ओलसर होणे ही अन्नपाणी श्वासमार्गात जात असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी तज्ज्ञाने तपासेपर्यंत तोंडावाटे काही देऊ नये.

५) विसरलेली बाजू : उजव्या मेंदूच्या आघातात रुग्ण कधीकधी डाव्या बाजूचे जग विसरतो. ताटातील डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, डावा हात चाकाच्या खुर्चीत अडकला तरी कळत नाही. सौभाग्यवतींच्या बाबतीत असे होते. आम्हांस त्यांच्या डाव्या बाजूस बसून बोलण्यास आणि पाण्याचा पेला डावीकडे ठेवण्यास सांगितले होते. कुटुंबास हे ठाऊक नसेल तर 'लक्ष देत नाही, हट्ट करते' असा गैरसमज होतो.

६) त्वचा : हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. कटी, टाचा व घोटे यांवरील लाली रोज पाहावी.

आयुर्वेदीय उपचारांची सांगड

पुनर्वसन व आयुर्वेद यांत विरोध नाही; मात्र क्रम आणि दक्षता हवी. बला तैल, महानारायण तैल इत्यादींच्या अभ्यंगाने गात्राची रूक्षता व स्तंभ कमी होण्यास साहाय्य होते आणि जोडीदारास स्पर्शाने सेवा करता येते, याचेही मोल आहे. तथापि पुढील गोष्टी पत्नीस वा पतीस स्पष्ट शब्दांत सांगाव्यात.

अभ्यंगानंतर तळपाय कोरडा पुसल्याशिवाय रुग्णास उभे करू नये. शहाबादी फरशीवर तेलकट पाऊल घसरून मांडीचे हाड मोडलेला रुग्ण आमच्या पाहण्यात आहे. स्पर्शज्ञान कमी असलेल्या अंगास स्वेदन करताना उष्णता जोडीदाराने स्वतःच्या हाताने पारखून घ्यावी. रुग्णाच्या 'लागत नाही' या शब्दावर विसंबू नये. पोटरी एकाएकी सुजली, उष्ण वा वेदनायुक्त झाली तर मर्दन पूर्णतः थांबवून तत्काळ रुग्णालयात पाठवावे, कारण शिरेत रक्ताची गाठ असण्याचा संभव असतो. गिळण्याचा दोष असताना नस्य टाळावे. रक्तदाब, मधुमेह व रक्त पातळ ठेवण्याची औषधे आपल्या औषधांसोबतही चालूच ठेवावीत. 'आता आयुर्वेदिक सुरू केले' म्हणून ती बंद करणे म्हणजे दुसऱ्या आघातास आमंत्रण होय. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता गुग्गुळ कल्पांचा उपयोग विचारपूर्वक व संबंधित डॉक्टरांस कळवून करावा.

पुन्हा तोंड वाकडे होणे, हात गळणे वा वाचा अडखळणे दिसल्यास वेळ पाहून घेण्यास जोडीदारास सांगावे. गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणारंभापासून साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते. आपल्याकडील तालुक्याच्या गावापासून सुसज्ज रुग्णालयापर्यंतचे अंतर पाहता, प्रथम वैद्याकडे येण्यातही वेळ दवडू नये.

पती उपस्थाता असताना

पतीस पक्षाघात झाला तर पत्नी रुग्णालयात राहते, हे आपल्याकडे गृहीत धरलेले असते. पत्नी आजारी पडली तर मात्र तिची आई, बहीण वा सून बोलावली जाते. कधी तिला माहेरी पाठवले जाते. पुष्कळ ठिकाणी स्त्रियांच्या कक्षात रात्री पुरुषास थांबू देत नाहीत. परिणामी पुनर्वसनाचे शिक्षण एकीस मिळते आणि घरी सांभाळावयास दुसराच असतो. म्हणून दाखल करण्यापूर्वीच विचारून घ्यावे की पतीस दिवसा व्यायामाच्या वेळी उपस्थित राहता येईल का, आणि स्वतंत्र खोली वा पडद्याची सोय आहे का.

पतीच्या मनाची तयारी हाही भाग आहे. वेणी घालणे, साडी वा गाऊन नेसवणे, शौचास नेणे ही कामे अनेकांना संकोचाची वाटतात. सुश्रुताचार्यांनी सांगितलेला अजुगुप्सा हा गुण येथे लागतो. आमचे निरीक्षण असे की, पहिले तीन-चार दिवस गेले की संकोच उरत नाही. त्यासाठी वैद्याने एकदा स्पष्टपणे, 'हे तुमचेच काम आहे आणि तुम्हांस जमेल' असे म्हणावे लागते. एका मानवतच्या गृहस्थांनी आम्हांस सांगितले की, तीस वर्षांच्या संसारात पत्नीस चहा करून देण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला. आज ते स्वयंपाकही करतात आणि पत्नी ओट्याशी खुर्चीवर बसून एका हाताने शेंगा सोलत त्यांना सूचना देते.

उपस्थात्याचे आरोग्य

उपस्थाता न थकणारा असावा असे सुश्रुतांनी म्हटले. परंतु एकच माणूस महिनोन्महिने न थकता राहणे शक्य नाही. रुग्णाची पत्नी दिवसभर रोजंदारीने कापूस वेचून वा खुरपून रात्री चार वेळा उठत असेल, तर दोन महिन्यांत दुसरा रुग्ण आपल्यासमोर उभा राहतो. कटिशूल, अनिद्रा, अरुची, चिडचिड आणि एकांतात रडणे ही लक्षणे वैद्याने विचारून जाणून घ्यावीत. ती आपणहून सांगत नाही. तिचाही रक्तदाब मोजावा. आठवड्यातून एक दिवस दीर, जाऊ वा मुलगा यांनी काम घ्यावे, असे सर्वांसमोर सांगावे. वैद्याचा शब्द घरात मानला जातो. त्याचा उपयोग येथे करावा. मन फारच खचले असल्यास शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. त्यावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

रुग्णाच्या मनाचेही तसेच आहे. आघातानंतर अवसाद येणे हे मेंदूतील विकृतीचेही लक्षण असते. रुग्ण व्यायामास नकार देतो तेव्हा तो आळशी आहे असे म्हणण्यापूर्वी हे तपासावे.

घराची तयारी

रुग्ण घरी येण्यापूर्वी आठवडाभर आधी वैद्याने शक्य झाल्यास घर पाहून यावे. उंबरा हा पहिला अडथळा. त्यावर लाकडी उतार करता येतो. ओसरीच्या पायऱ्यांस एका बाजूने लोखंडी दांडी बसवावी. ती चढताना चांगल्या हाताकडे येईल हे पाहावे आणि उतरण्याच्या वेळेचाही विचार करावा. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर मध्ये छिद्र असलेली खुर्ची ठेवता येते. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. बाजेवरून वा जमिनीवरील अंथरुणावरून उठणे या रुग्णांस कठीण जाते. गोधड्या, सतरंज्या व सुटी वायर वाटेतून काढावी. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा; वीज जाते हे लक्षात घेऊन उशाशी विजेरी ठेवावी. चप्पल मागे पट्टा असलेलीच हवी.

विकलता स्थिर झाल्यावर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार प्रमाणपत्र मिळू शकते. ते घेण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. ते हक्काचे आहे, हे वैद्याने समजावून द्यावे.

जे परत येत नाही

काही रुग्ण सर्व प्रयत्न करूनही पूर्वीप्रमाणे चालत नाहीत. वैद्याने खोटी आशा दाखवू नये, तद्वत आशा खुडूनही टाकू नये. येथे बाबा आमटे व साधनाताई यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. मणक्यांच्या विकारामुळे बाबांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे वा आडवे होणे एवढेच उरले. त्या अवस्थेतही १९८५ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा वाहनात पडून राहून केली आणि पुढे १९९० पासून नर्मदाकाठी वास्तव्य केले. साधनाताई तेथे त्यांच्यासोबत राहिल्या. गेलेली क्रिया परत येईल याची वाट पाहत न थांबता उरलेल्या क्रियांभोवती आयुष्य रचता येते, हे या दांपत्याने दाखवले. आमच्या सौभाग्यवतींचा डावा हात अद्याप पुरेसा चालत नाही. भाकरी थापणे त्यांना जमत नाही. त्याचे दुःख त्यांना आहे, आणि ते नाकारून उपयोग नाही. परंतु तुळशीला पाणी त्या स्वतः घालतात आणि चिकित्सालयातील रुग्णांची नोंदवही उजव्या हाताने त्याच लिहितात.

उपसंहार

पक्षाघाताचा रुग्ण पुन्हा चालेल का, हे आघाताचा विस्तार, वय, सहव्याधी व काल यांवर अवलंबून आहे. ते सर्वस्वी आपल्या हाती नाही. परंतु पहिले तीन-चार महिने योग्य ठिकाणी जावेत, जोडीदारास उपचारज्ञता लाभावी आणि त्या जोडीदाराचे स्वतःचे शरीर-मन टिकावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. ग्रामीण भागात या कुटुंबांचा विश्वास आपल्यावर आहे. म्हणून सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती की, यापुढे पक्षाघाताच्या रुग्णाची नोंद करताना केसपेपरवर उपस्थात्याचे नाव, नाते आणि त्यास काय शिकवले याची एक ओळ अवश्य लिहावी. पुढच्या भेटीस रुग्णाची नाडी पाहण्याआधी दोन मिनिटे त्या व्यक्तीशी बोलावे. औषधाइतकाच तोही चिकित्सेचा पाद आहे.

इत्यलम्.